गोष्ट कुठल्या सालापासून सांगायची
आधुनिक चीनवरील पुस्तकाची प्रस्तावना

पुण्यात पत्ता सांगताना बंडगार्डन आणि ससून ही दोन नावे रोज आपल्या तोंडी येतात. मुळा-मुठेवरचा बंधारा १८५० साली बांधला गेला, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. स्टेशनजवळचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. ते १८६७ चे. ससून वारले तेही पुण्यातच, १८६४ साली. कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. दोघेही दानशूर होते, यात शंका नाही. दोघांच्या संपत्तीचा मोठा हिस्सा चीनच्या व्यापारातून आला होता आणि त्या व्यापारात अफू होती, हेही तितकेच खरे आहे.

ही अफू कुठली? कलकत्त्याहून जाणारी बिहार-बनारसकडची, सरकारी मक्त्याची. मुंबईहून जाणारी मुख्यतः माळव्याची, आणि माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. शेतकऱ्याने बोंडांना चिरा पाडून गोळा केलेला चीक, सावकाराची उचल, संस्थानाचा कर, इंग्रज सरकारचा परवाना-कर, मुंबईच्या पेढ्या आणि शेवटी कँटनच्या किनाऱ्याला उतरणाऱ्या पेट्या, अशी ती साखळी होती. लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांची अफू जप्त करून नष्ट केली आणि इंग्रजांनी युद्ध सुरू केले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ही सागवानी नौका मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली होती.

चीनमधल्या शाळांत आधुनिक इतिहासाचा पहिला धडा या युद्धाचा असतो. १८४० च्या सुमारास सुरू झालेले आणि १९४९ मध्ये संपलेले एक शतक, अपमानाचे शतक, अशी त्या इतिहासाची मांडणी आहे. मराठी वाचकाचा चीन मात्र बहुधा २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे सुरू होतो. तैवानमध्ये गेलेल्या कुटुंबाचा तो १९४९ च्या पळापळीपासून सुरू होतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारले तर ते १९५९ सांगतील. यातले एकही साल खोटे नाही. पण ज्या सालापासून गोष्ट सुरू होते, त्या सालात जो मार खातो तो त्या गोष्टीचा नायक होतो, आणि पुढची तीनशे पाने आपण त्याच्याच डोळ्यांनी वाचतो. पक्षपात शोधायचा म्हणून आपण खोटी विधाने हुडकत बसतो. बहुतेक वेळा तो अनुक्रमणिकेत, पहिल्या प्रकरणाच्या मथळ्याशेजारी छापलेल्या सालातच असतो.

या पुस्तकाची सुरुवात मी अफूपासून केली आहे आणि ती का केली हे वाचकाला आधीच सांगितले पाहिजे. चीनला अनुकूल सुरुवात म्हणून ती केलेली नाही. चीनच्या इतिहासात आपण, म्हणजे मुंबई इलाख्यातले लोक, तिऱ्हाईत नव्हतो हे दाखवण्यासाठी केली आहे. हे आपल्या पूर्वजांना ठाऊकही होते. १९०७ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी अफूच्या उत्पन्नाचा विषय काढला, आणि चिनी लोकांच्या अधःपतनातून येणाऱ्या या पैशाची आपल्याला फार शरम वाटते असे स्पष्ट सांगितले. तिजोरीला तोटा होईल ही ओरड त्यांना माहीत होती. तरीही हे उत्पन्न गेले तर जाऊ द्यावे असे ते म्हणाले. फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या, भारत सेवक समाज स्थापून दोन वर्षे झालेल्या या माणसाने चीनकडे पाहण्याची जी एक रीत घालून दिली होती, ती पुढे आपण जवळजवळ विसरलो. आपल्या हिताच्या आड येणारी गोष्टही आधी मोजून घ्यायची, ही ती रीत.

दुसऱ्याने आपला इतिहास लिहिला की काय होते, हे पुण्याला वेगळे सांगायला नको. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. लेखक इंग्रजांचा अधिकारी, सातारच्या गादीजवळ नेमलेला. त्याच्या हाताशी अस्सल कागद होते आणि मनाशी विजेत्याची खात्री. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्याच्या चुका जाहीरपणे दाखवल्या. राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळून साधनांचे खंड काढले आणि त्यांना लांबलचक प्रस्तावना जोडल्या. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. या सगळ्या खटाटोपामागे एकच आग्रह होता : आमच्याविषयी लिहायचे तर आमचे कागद वाचा. चीनविषयी लिहिताना हा आग्रह आपण स्वतःला लावला आहे का? मराठीत चीनवर जे लिहिले गेले त्यातले बहुतेक इंग्रजी पुस्तकांवरून, इंग्रजी वृत्तसंस्थांवरून उतरले आहे. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, चिनी शिकणारे त्या मानाने थोडे. म्हणजे चीनच्या बाबतीत आपण ग्रँट डफच्याच खुर्चीत बसलो आहोत, आणि त्याच्यापाशी होते तेवढे अस्सल कागदही आपल्यापाशी नाहीत.

याला अपवाद होते, आणि ते याच शहरात होते. फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले हे बौद्ध विद्येचे पंडित चिनी आणि तिबेटी ग्रंथ मुळातून वाचत. विनयावरच्या एका पाली टीकेचे जुने चिनी भाषांतर बापटांनी हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर इंग्रजीत आणले; ते १९७० साली भांडारकर संस्थेने छापले. नेहरू आणि चौ एन-लाय यांच्या भेटींत दुभाष्याचे काम केलेले वसंत वासुदेव परांजपे हे राजनैतिक अधिकारी निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. पण बापट-गोखल्यांचा चीन बुद्धवचनांचा होता. पाचव्या-सहाव्या शतकातला चीन पुण्याला मुळातून ठाऊक होता आणि विसाव्या शतकातला मात्र उसना, अशी ही विपरीत स्थिती आहे.

आता द्वारकानाथ कोटणीस. त्यांच्यावर मी या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण खर्च केले आहे, कारण मराठी माणसाने चीनकडे पाहण्याच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा त्या एका आयुष्यावर उमटल्या आहेत.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर स्वारी केली होती. चू दे या कम्युनिस्ट सेनापतीने नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली आणि काँग्रेसने, सुभाषबाबू अध्यक्ष असताना, पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले : अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. आधी हँकाव, मग चुंगकिंग, म्हणजे चँग कै-शेक यांच्या सरकारचा प्रदेश; १९३९ च्या प्रारंभी येनान, म्हणजे माओंचा. बाकीचे एकेक करून परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले, जानेवारी १९४१ मध्ये कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय अवघे ३२.

इथपर्यंतच्या तपशिलांवर कुणाचा फारसा वाद नाही. यापुढे मात्र तीन कोटणीस तयार होतात.

पहिला आपला. ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक आले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. स्वतः कोटणीस झाले, जयश्री नायिका. त्या चित्रपटाने कोटणीसांना घराघरांत नेले, हे त्याचे ऋण मोठे आहे. त्यात प्लेगच्या साथीचा प्रसंग आहे, शत्रूच्या हाती सापडून सुटकेचा प्रसंग आहे. पडद्यावरचा कोटणीस राष्ट्रीय सभेचा दूत आहे, प्रेमिक आहे, हुतात्मा आहे. पक्षाचा सभासद नाही. दुसरा कोटणीस चीनचा. तिथल्या चरित्रांत मृत्यूच्या काही महिने आधी, १९४२ च्या जुलैत, त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले याला मानाचे स्थान आहे, आणि चुंगकिंगमधले दिवस केवळ येनानच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून येतात. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. तिसरा कोटणीस राजशिष्टाचाराचा : दोन्ही देशांचे बरे चालले की त्यांच्या नावाची तिकिटे निघतात, चिनी पाहुणे कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतात, पुष्पचक्रे वाहिली जातात, बिनसले की नाव मागे पडते. १९६२ नंतरची कित्येक वर्षे ते तसे मागे पडले होते.

या तिन्हींमध्ये एक माणूस सारखाच वगळला जातो : कोटणीसांचा मुलगा यिनहुआ. बापाच्या पावलावर पाऊल टाकून तो वैद्यक शिकत होता. १९६७ साली, पंचविशीच्या आतच, तो वारला. १९६७ म्हणजे सांस्कृतिक क्रांतीची ऐन धुमाळी. त्या मृत्यूचा आणि त्या धुमाळीचा संबंध मी जोडणार नाही, आणि कुणी पुराव्यावाचून जोडू नये. पण आपल्या चित्रपटाला दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून ते बाळ हवे होते आणि त्यांच्या चरित्रांना हुतात्म्याचा वारस म्हणून. मोठा होऊन गेलेला तरुण कुणालाच नको होता. मला विचाराल तर इतिहासलेखनातला पक्षपात हा असा दिसतो. तीनही कथनांत उघड खोटे फारच थोडे आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीच्या जागी पडदा पाडला आहे, एवढेच.

येनानकडे पाहतानाही तेच. जपानशी खरी झुंज कुणी दिली, यावर पेकिंगचा आणि तैपेचा इतिहास अनेक दशके एकमेकांच्या विरुद्ध बोलत होता. शांघाय, वुहानसारख्या मोठ्या लढायांत चँग यांच्या फौजांनी अपार माणसे गमावली. पेकिंगच्या पुस्तकांत ती बरीच वर्षे अंधारात राहिली. आपल्या पथकातल्या डॉक्टरांनी दोन्हीकडच्या जखमींवर उपचार केले होते, आणि तरीही मराठीत चुंगकिंगचा अध्याय कुणी सविस्तर लिहिला नाही. कारण ज्यांना चीनविषयी लिहायची ओढ होती, ते बहुतेक डावे होते, आणि बाकीच्यांना चीनची ओढ नव्हती.

यातून एक कटू गोष्ट पुढे येते. मराठीतले चीनविषयक लेखन पुष्कळदा चीनविषयी नसतेच. ते आपल्या घरातले भांडण असते. १९६२ च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट पुढारी डांग्यांनी सरकारच्या बाजूने उभे राहणे आणि १९६४ मध्ये त्यांचा पक्ष फुटून रणदिवे दुसरीकडे जाणे, या घटनांनी एका पिढीचे चीनविषयीचे मत ठरवून टाकले. कोण कुठल्या गटात आहे हे कळले की तो माओंविषयी काय लिहील हे आधीच सांगता येई. पुढे गडचिरोलीच्या बातम्यांमुळे ‘माओवादी’ हा शब्द रोज वर्तमानपत्रात येऊ लागला, आणि आज एखाद्या विद्यार्थ्याने माओंच्या भूधारणा-सुधारणांवर निबंध लिहायला घेतला तर आधी त्याची बाजू विचारली जाते. बाजू विचारू नये असे नाही. पण निबंध वाचण्याआधी विचारू नये.

१९६२ विषयी आपण स्वतःला तटस्थ समजत नाही आणि समजूही नये. आपले जवान तिथे मेले. नामका चू आणि सेला-बोमडिलाची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांच्याकडे तटस्थता मागणे हा उद्धटपणा ठरेल. परंतु दुःख आपले असले तरी कागदाची चाळणी तीच ठेवावी लागते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते २१ नोव्हेंबर १९६२ रोजी. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती, हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना सांगावे लागते. म्हणून चव्हाणांचे कर्तृत्व कमी होत नाही. ते वेगळ्या ठिकाणी आहे : हरलेली फौज पुन्हा उभी करणे, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत उभे राहून आपल्या सैन्याच्या उणिवा मान्य करणे. लढाई जिंकायला धावून गेलेला सह्याद्री ही प्रतिमा जास्त लाडकी. पडझड मोजणारा मंत्री ही प्रतिमा जास्त खरी.

त्या निवेदनामागचा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल मात्र सरकारने आजतागायत पूर्णपणे प्रसिद्ध केलेला नाही. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याच्या आधारे १९७० मध्ये भारताला दोषी ठरवणारे पुस्तक लिहिले आणि २०१४ मध्ये अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. मॅक्सवेल यांच्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. चीनचे म्हणणे ते फार सहज मान्य करतात, आणि पेकिंगचे अंतर्गत कागद त्यांनीही पाहिलेले नव्हते. पण त्यांना खोडून काढण्याचा राजमार्ग आपणच बंद ठेवला आहे. त्याच युद्धात आसाम-बंगालमधल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच होते. १९६२ वरच्या मराठी पुस्तकांत त्यांना सहसा पानभरही जागा मिळत नाही. त्यांना या पुस्तकात ती दिली आहे.

सर्वांत कठीण प्रकरण दुष्काळाचे. १९५८ मध्ये ‘मोठी झेप’ सुरू झाली. कम्यून, सामुदायिक भटारखाने, परसातल्या पोलादाच्या भट्ट्या, पिकांचे फुगवलेले आकडे आणि त्या फुगलेल्या आकड्यांवर ठरवलेली धान्यवसुली. मग माणसे उपाशी मरू लागली. किती? कमीत कमी दीड कोटीच्या आसपासचे अंदाज आहेत. यांग जिशेंग या चिनी पत्रकाराने ३ कोटी ६० लाख म्हटले. फ्रँक डिकोटर यांनी साडेचार कोटी. यांग हे सरकारी वृत्तसंस्थेत काम केलेले, पक्षाचे सभासद, आणि त्यांचे वडील याच दुष्काळात भुकेने गेलेले. त्यांचे पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला निघाले; चीनच्या मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे.

इतकी तफावत पाहिली की वाचक दोनांपैकी एक करतो. आपल्या मताला शोभेल तो आकडा उचलतो, किंवा दोन्ही टोकांच्या मधला काढून आपण निःपक्षपाती राहिलो असे समाधान मानतो. दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी आहे. आकडा कसा निघतो ते पाहावे लागते. चीनच्या सरकारी सांख्यिकीनुसारच १९५९ अखेरीस ६७ कोटी २० लाख असलेली लोकसंख्या १९६१ अखेरीस ६५ कोटी ८६ लाखांवर उतरली. पण या घटीत मेलेलेही आहेत आणि उपासमारीमुळे जन्मालाच न आलेलेही. ‘जास्तीचे’ मृत्यू काढायचे तर दुष्काळ नसता तर किती माणसे मेली असती हे आधी ठरवावे लागते, आणि १९५० च्या दशकात खेड्यांतल्या मृत्यूंची नोंद किती अपुरी होती यावर ते अवलंबून असते. १९५३, १९६४ आणि १९८२ च्या जनगणना जुळवून, बायकांना किती मुले झाली याची माहिती घेऊन लोकसंख्याशास्त्रज्ञ मागे मागे जातात. १९८० च्या दशकात अशा रीतीने निघालेले अंदाज ३ कोटींच्या आसपास होते. मी तो आकडा अधिक भरवशाचा मानतो, तो मधला पडतो म्हणून नव्हे, तर त्यामागची रीत तपासता येते म्हणून.

महाराष्ट्राला या प्रकरणाशी स्वतःचे नाते आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आहेत. नगर-सोलापूरकडची गावेच्या गावे खडी फोडायला रस्त्यावर आली, बांधबंदिस्तीवर गेली, मिलो खाऊन राहिली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हाल अपार झाले, कुपोषण झाले, पण चीनसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. अमर्त्य सेन यांच्या प्रसिद्ध सिद्धान्तानुसार याचे कारण असे की बोंब मारणारी वर्तमानपत्रे, विधानसभेत जाब विचारणारे विरोधक आणि मोर्चे जिथे असतात तिथे सरकारला उपासमार लपवता येत नाही. मोठ्या झेपेच्या चीनमध्ये वरिष्ठाला खरा आकडा सांगणे हाच गुन्हा होता.

हे वाचून आपली मान ताठ होते. मग त्याच सेन यांचे, ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर लिहिलेले पुढचे म्हणणेही वाचावे लागते : चीनने १९४९ नंतर खेड्यांत आरोग्य आणि शिक्षण पोचवून नेहमीचा मृत्युदर इतका खाली आणला होता की त्या तुलनेत भारतात दर आठ वर्षांत जेवढी जास्तीची माणसे गाजावाजा न होता मरत होती, तेवढी चीनच्या त्या महादुष्काळात मेली. पहिले अर्धे सांगणारे मराठीत पुष्कळ भेटतात, दुसरे अर्धे सांगणारेही भेटतात, पण ते वेगवेगळे लोक असतात. दोन्ही अर्धी एकाच पानावर असली पाहिजेत, हा माझा या पुस्तकातला हट्ट आहे. त्याने माओंचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही; उपाशी माणसाच्या घरचे धान्य सरकारने ओढून नेणे आणि दवाखाना वेळेवर न पोचणे या एका तराजूत घालण्याच्या गोष्टी नाहीत. पण मेलेल्यांची मोजदाद करायला बसलो की आपल्या मेलेल्यांना सूट देता येत नाही.

चीनचा पक्ष स्वतःच्या इतिहासाचा निवाडा ठराव करून करतो. जून १९८१ च्या ठरावाने सांस्कृतिक क्रांतीला घोर चूक म्हटले आणि माओंचे कार्य मुख्य, चुका दुय्यम असे ठरवले. २०२१ मध्ये आणखी एक ठराव झाला. त्यात चुकांना जागा कमी आणि यशाला पुष्कळ. सत्तेने इतिहासाचा निकाल मतदानाने लावावा हे आपल्याला विचित्र वाटते. वाटावेच. मात्र पाठ्यपुस्तकातले धडे सरकारागणिक बदलताना पाहिलेल्या देशात हे वाटणे थोडे सावधपणे बोलून दाखवावे.

मग लिहायचे कसे? मला भांडारकर संस्थेचे काम डोळ्यांपुढे ठेवावेसे वाटले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू झाली आणि १९६६ ला पुरी झाली. काश्मीरपासून केरळपर्यंतची हस्तलिखिते ताडून सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संहिता ठरवली. उत्तरेची आणि दक्षिणेची परंपरा यांत त्यांनी तडजोड केली नाही. प्रत्येक ठिकाणी कुठला पाठ जुना, हे कारणांनी ठरवले. आणि जे पाठ नाकारले तेही खाली, पोथीच्या खुणेसह, छापले. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्याच पानावर त्याला तो उलटवता येतो. चीनविषयी लिहिताना मी हीच शिस्त पाळायचा प्रयत्न केला आहे. जिथे पेकिंग, तैपे, ल्हासाहून निघालेले लोक आणि दिल्ली वेगवेगळे सांगतात, तिथे मी माझा निर्णय वर दिला आहे आणि नाकारलेले म्हणणे, ते कुणाचे आहे या नोंदीसह, त्याच पानावर खाली दिले आहे.

१९८९ च्या प्रकरणात ही शिस्त सर्वांत उपयोगी पडली. तिआनानमेन चौकात हजारो विद्यार्थी रणगाड्यांखाली चिरडले गेले, अशी आपल्यातल्या बहुतेकांची समजूत आहे. बहुसंख्य हत्या चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर, विशेषतः पश्चिमेकडच्या मुशिदी भागात झाल्या, आणि मेलेल्यांत कामगार आणि साधे शहरवासी पुष्कळ होते, हे आता जाणकारांना मान्य आहे. त्या वेळी पेकिंगच्या भारतीय दूतावासात असलेले, पुढे परराष्ट्र सचिव झालेले आणि आता पुण्यात राहणारे विजय गोखले यांनी २०२१ मध्ये त्या आंदोलनावर पुस्तक लिहिले. पक्षाच्या वरच्या वर्तुळातली सत्तास्पर्धा आणि पाश्चात्त्य वार्ताहरांनी केलेले सुलभीकरण यांवर त्यांचा भर आहे. हा भर मला मोलाचा वाटतो. पण त्याचा आधार घेऊन ‘तिथे फार काही झालेच नाही’ असे म्हणणारे काही जण भेटतात, आणि ते सरळसरळ खोटे आहे. सैन्याने निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. मेलेल्या मुलांच्या आयांनी दोनशेहून अधिक नावे एकेक करून गोळा केली आहेत, पाळतीखाली राहून. ठिकाण दुरुस्त करावे. त्याने अपराध पुसला जात नाही.

पुस्तक १९८९ पाशी थांबते. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. चीनने आपल्या चार मृतांची कबुली पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत दिली आणि त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या त्यांच्याच एका माजी पत्रकाराला आठ महिन्यांची कैद झाली. त्यावर आज प्रकरण लिहायचे तर कुठल्या तरी सरकारची पत्रके उतरून काढण्यापलीकडे हातात काही नाही.

प्रकरणे क्रमाने वाचली पाहिजेत असे नाही. बरेच वाचक १९६२ चे प्रकरण आधी उघडतील, हे मी धरून चालतो. त्यांना एकच विनंती आहे : त्याच्या आधीची दोन, तिबेटचे आणि दुष्काळाचे, निदान चाळून घ्यावीत. आपल्या पुस्तकांत हे तीन वेगवेगळे विषय असतात. पेकिंगमध्ये मात्र ते एकाच टेबलावर होते. मार्च १९५९ मध्ये ल्हासाचा उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी दुष्काळ पसरला. १९६० मध्ये रशियाने आपले तज्ज्ञ परत बोलावले. १९६२ च्या आरंभी उपासमारीबद्दल माओंना पक्षाच्या बैठकीत आत्मटीका करावी लागली होती. २४ ते २७ सप्टेंबरच्या मध्यवर्ती समितीच्या बैठकीत त्यांनी वर्गसंघर्षाची हाक देऊन पक्षाची सूत्रे पुन्हा घट्ट आपल्या हाती घेतली. सीमेवरचा हल्ला त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी झाला. या दोन घटनांत कार्यकारण किती आणि योगायोग किती, याबद्दलचे वेगवेगळे पाठ त्या प्रकरणात खाली दिले आहेत.